पान जागचं हललंच नाही, बाई!

अहो, ऐकलंत का? फॉर्म भरला, ‘सबमिट’ दाबलं आणि पान जागचं हललंसुद्धा नाही! पूर्वी कसं, बटण दाबलं की पडदा पांढराफटक व्हायचा, माणूस देवाचं नाव घ्यायचा आणि मग अख्खं पान नव्यानं उगवायचं. त्यात एक रीतभात होती. आता मागच्या दारानं सर्व्हरशी निरोपानिरोपी चालते आणि पानाचा एवढासा कोपरा गुपचूप बदलतो. शेजारच्या ओळीला पत्ता नाही!

हे थेर सुरू झालं म्हणे मायक्रोसॉफ्टच्या घरात. आउटलुकचं टपाल ब्राउझरमध्ये दाखवताना तिथल्या मंडळींनी ही चोरवाट काढली. इंटरनेट एक्सप्लोरर ५ यायचा होता १९९९ मध्ये, सगळी घाई. ऐनवेळी नवी वस्तू आत कोण घेणार? मग ती एक्सएमएलच्या सामानात घुसडली आणि नाव दिलं एक्सएमएलएचटीटीपी. नाव एक्सएमएलचं, पण आज तिच्यातून सर्रास जेसन ये-जा करतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही!

बरीच वर्षं प्रकरण दबलेलं होतं. पण २००४ मध्ये जीमेल आलं, पुढच्या वर्षी गूगलचे नकाशे. माउसनं ओढावा तसा नकाशा सरकतो, हे पाहून लोकांचे डोळेच फिरले. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट नावाच्या गृहस्थानं या साऱ्या प्रकाराचं ‘एजॅक्स’ म्हणून बारसं उरकलं. झालं! चार रकान्यांचा संपर्काचा फॉर्म, पण पान हलता कामा नये!

बॅक बटणाची तर दैना विचारू नका. मागे जायला जावं, तर माणूस थेट साइटबाहेर. ती लाज झाकायला पुढे पुशस्टेट नावाचं ठिगळ आणावं लागलं. आणि प्रोग्रामर ‘थांबा, पाठवतोय’ दाखवायला विसरला, की गिऱ्हाईक बटण बडवत राहतं नि ऑर्डरींची रांग लागते. (रिफ्रेश केल्यावर ऑर्डर पूर्वीही दोनदा जायची म्हणा, पण निदान ब्राउझर विचारायचा तरी, ‘पुन्हा पाठवू का?’)

ताजी खबर वेगळीच. एचटीएमएक्स नावाचं पाखरू म्हणतं, जेसन-बिसन नको, सर्व्हरनं एचटीएमएलचा तुकडाच तयार करून द्यावा, मी जागेवर बसवतो. म्हणजे सर्व्हर आमच्या वेळी जे करायचा तेच की! रेल्सवालेही २०२० पासून हॉटवायर म्हणून असलंच काही मिरवताहेत. एचटीएमएक्समध्ये तर फॉर्मच्या टॅगवर दोन शब्द वाढवले की काम फत्ते, स्वतः जावास्क्रिप्टची ओळ लिहायला नको. कष्टसुद्धा नकोत हो यांना!