साधी कैद

ज्या मनुष्याने आयुष्याची चौतीस वर्षे सरकारी दफ्तरखान्यात, रुमालांत बांधलेल्या कागदांची राखण करण्यात घालविली, आणि ज्याच्या कारकिर्दीत त्याच्या ताब्यातील एकाही कागदाचा कोपरा दुमडला गेला नाही (वाळवीने खाल्लेल्यांची गोष्ट निराळी, त्यांचा पंचनामा रीतसर झालेला आहे), त्याच्या हाती निवृत्तीनंतर कात्री देऊन 'हा कागद कापा' असा हुकूम फर्माविला जावा, हा दैवदुर्विलास होय की पूर्वकर्माची फेड, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेलो नाही. हुकूम करणारी व्यक्ती हाडामांसाची असती तर मी वरिष्ठांकडे दाद मागितली असती. परंतु तो आला होता वहीएवढ्या आकाराच्या एका पुठ्ठ्याच्या पेटीतून, आणि पेटीच्या वर वरिष्ठ कोणीच नसतो.

ही पेटी माझ्या भाच्याने आणली. तो जर्मनीत स्टुटगार्ट येथे मोटारींच्या धंद्यात अभियंता आहे आणि वर्षातून एकदा, गणपतीच्या सुमारास, मोदकांच्या ओढीने येतो. इतकी वर्षे तो चॉकलेटे आणीत असे. परंतु माझ्या रक्तातील साखरेचा अहवाल त्याच्या कानावर गेल्यामुळे यंदा त्याने माझ्या बुद्धीस खुराक देण्याचे ठरविले. खेळाचे नाव 'एक्झिट', आणि तो काढणारी कोसमॉस ही प्रकाशनसंस्था त्याच्याच गावची, जिची मुळे 1822 पर्यंत जातात. 'मामा, आपण चौघे एका ओसाड झोपडीत कोंडले गेलो आहोत, दाराला आकड्यांचे कुलूप आहे, खिडक्यांना गज आहेत, आणि कोडी सोडवून आपल्याला बाहेर पडायचे आहे,' असे त्याने सांगितले तेव्हा मी भोवताली पाहिले. सदाशिव पेठेतील दोन खोल्यांची आमची जागा, अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारचा न थांबणारा पाऊस, दारात वाळत घातलेल्या सतरंज्या आणि खिडकीला गज. कल्पनाशक्तीस फारसा ताण द्यावा लागला नाही.

द्रव्य मोजून स्वतःस कोंडून घेण्याचा हा उद्योग मुळात जपानी होय. 2007 साली क्योतो येथे ताकाओ कातो नामक गृहस्थाने संगणकावरील कोड्यांचा हा प्रकार खऱ्याखुऱ्या खोलीत आणला; लोक आत शिरले, बाहेरून घड्याळ लागले, आणि तासाभरात कुलपाचा उलगडा करून बाहेर पडावयाचे असा दंडक ठरला. तेथून ही साथ जगभर पसरली. पुण्यातही अशा खोल्या निघाल्या आणि ज्यांना एरवी घरात पाच मिनिटे एका जागी बसवत नाही ती तरुण मंडळी तेथे शुल्क भरून कैद होऊ लागली. पुढे 2016 साली इंका आणि मार्कुस ब्रांड या जर्मन दांपत्याने ती संपूर्ण खोलीच घडी घालून पेटीत बसविली, आणि दुसऱ्याच वर्षी जाणत्या खेळाडूंसाठीचा जर्मनीतील मानाचा वार्षिक पुरस्कार या मालिकेने पटकावला. भाच्याने हा इतिहास सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, 'नवराबायकोने मिळून केला? मग त्यांच्या घरात कात्री जागच्या जागी असणार.' या उद्गाराचा रोख माझ्या त्या वेळी लक्षात आला नाही.

प्रथम पात्रतेचा प्रश्न उपस्थित झाला. पेटीवर खेळणाराचे वय किमान 12 वर्षे असावे अशी अट स्पष्ट छापलेली होती आणि आमच्या नातवास अकरा वर्षे सात महिने झाले होते. जन्मदाखल्याविषयी मी विचारणा करताच भाच्याने चौघांच्या वयांची सरासरी काढून ती पन्नासाच्या आसपास असल्याचे निदर्शनास आणले. असा हिशेब कोणत्याही नियमावलीत बसत नाही, परंतु मंडळी जाजमावर बसली होती आणि चहा निवत होता, म्हणून मी तोंडी हरकत नोंदवून पुढे चालण्यास संमती दिली.

पेटीतील ऐवज मी पंचांसमक्ष मोजून घेतला. तीन प्रकारचे पत्ते, एक सचित्र पुस्तिका, काही विचित्र वस्तू, आणि पुठ्ठ्याची एक चकती. या चकतीने मात्र मला जिंकले. तिच्या बाहेरच्या कडेवर दहा चिन्हे आणि आत एकात एक फिरणारी आकड्यांची तीन कडी असतात; कोडे सुटून तीन आकडे हाती लागले की ते त्या त्या चिन्हाखाली एका ओळीत आणावयाचे, आणि तसे केले की मध्यभागीच्या चिमुकल्या खिडकीत एक क्रमांक डोकावतो. त्या क्रमांकाचा उत्तराचा पत्ता काढला तर तो उत्तर चूक असल्याचे निर्विकारपणे कळवितो, अथवा 'हे कुलूप तुम्हांस नेमके कोठे दिसले?' असा उलटप्रश्न करून तुमची रवानगी दुसऱ्या पत्त्याकडे करतो. एका मेजावर अर्ज करावा, त्याने दुसऱ्या मेजाकडे बोट दाखवावे, आणि तेथे गेल्यावर अर्ज मुळातच चुकला असल्याचे समजावे, ही पद्धती जर्मनांनी आमच्या खात्याकडून कधी उचलली हे संशोधनाचा विषय ठरेल. चकती फिरविण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. पुठ्ठ्यावर पुठ्ठा घासण्याचा तो खरबरीत आवाज, आणि खिडकीत आकडा अर्धवट येऊन थबकल्यावर नखाने त्याला हलकेच पुढे ढकलणे, यातील सुख ज्याने जुन्या शिक्क्यावरील तारखेची चाके रोज सकाळी बदलली आहेत त्यालाच समजावे.

मदतीच्या पत्त्यांची योजनाही माझ्या परिचयाची निघाली. प्रत्येक कोड्यास असे तीन पत्ते असतात. पहिला कोणकोणते कागद हाताशी हवेत एवढेच सांगतो. दुसरा ते घेऊन कोणत्या दिशेस जावे याची कुजबूज करतो. आणि तिसरा, खात्यातील मुरलेल्या शिपायाप्रमाणे, काम स्वतःच करून आणून देतो. मदत घेतली की शेवटी मिळणारे तारे कमी होतात, तेव्हा वशिल्याचा मार्ग आपल्या घराण्यात कोणी पत्करलेला नाही असे मी आरंभीच जाहीर केले. दहाच मिनिटांनी नातू आपल्या आजीच्या कानाशी लागून म्हणाला, 'चदतम चेऊघ चाक?' ही 'च'ची भाषा त्याला मीच गेल्या मे महिन्यात शिकविली होती याचा त्या बालकास विसर पडला होता. मी चकतीवरची नजर न काढता 'चाहीन' असे उत्तर दिले.

पहिली तीन कोडी सुटली. ती कशी सुटली हे सांगणे धर्मबाह्य होय, कारण हा खेळ एकाला एकदाच खेळता येतो आणि उत्तर ऐकलेल्या माणसास त्याचा शून्य उपयोग. शिवाय त्यांतील दोन सौभाग्यवतींनी सोडविली, हेही एक कारण आहे. तर्कशास्त्र म्हणून ज्यास म्हणतात त्याच्या वाटेस त्या गेल्या नाहीत. मंडईत वांगी पारखावीत तशी त्या प्रत्येक वस्तू उचलीत, उलटीसुलटी करीत, देठाशी दाबून पाहत आणि 'इथे काहीतरी आहे' म्हणून आमच्यापुढे टाकीत. तोवर मी आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्यांनी वहीची चार पाने भरली होती, आणि ती सर्व बिनचूक असूनही पूर्णतः अप्रस्तुत होती.

चौथ्या कोड्यापाशी पेच पडला. नियमपुस्तिकेत स्वच्छ लिहिले होते की पेटीतील साहित्यावर लिहिण्यास, ते दुमडण्यास, फाडण्यास आणि कापण्यास पूर्ण मुभा आहे, नव्हे, तसे केल्यावाचून काही कोडी सुटणारच नाहीत. ते वाचून माझ्या छातीत कसेसेच झाले. 'म्हणजे उद्या हा खेळ दुसऱ्या कोणास देता येणार नाही?' मी विचारले. 'नाही मामा. खेळून झाला की रद्दी.' पाच मोदकांनंतरही जो जडपणा आला नव्हता तो या उत्तराने आला. फ्रान्समध्ये 2017 पासून 'अनलॉक' नावाचा असाच एक खेळ निघतो, त्यात साठ पत्ते असतात, लाल आकड्याचा पत्ता निळ्या आकड्याच्या पत्त्याशी जोडून बेरजेच्या क्रमांकाचा पत्ता उचलावयाचा, घड्याळ भ्रमणध्वनीत चालते, आणि कागदाच्या केसालाही धक्का लागत नाही, हे सगळे भाच्याने मला याच वेळी सांगितले. मग तोच का आणला नाहीस, या माझ्या प्रश्नास त्याच्याजवळ समर्पक उत्तर नव्हते.

मी घड्याळ तहकूब करविले, छत्री घेतली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, 'आजोबा, पाठपोट काढू का एका बाजूने?' येथे माझा घात झाला. पाठीमागे केवळ नक्षी होती, आणि नक्षीसाठी दुप्पट आकार भरणे माझ्या तत्त्वात बसेना. 'एका बाजूने,' मी म्हणालो. घरी येऊन प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात 'मुळाबरहुकूम नक्कल' असा शेरा मारला, खाली सही केली, आणि मूळ कागद दप्तरी जमा करून नक्कल मंडळींच्या स्वाधीन केली.

त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत आम्ही ती नक्कल कापली, दुमडली, दिव्यासमोर धरली, फिरविली, ओली करून पाहिली (ही सूचना नातवाची), आणि तिच्यातून एकही आकडा निघाला नाही. भाचा मधूनच घसा साफ करी. त्याला कारण उमगले होते हे मला मागाहून समजले; परंतु मामाच्या घरी, मामाच्या सहीशिक्क्याच्या कागदासंबंधी शंका काढणे त्याच्या संस्कारात बसत नव्हते. ती नक्षीच कोड्याचा निम्मा भाग होती.

शेवटी सौभाग्यवती उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दुधाच्या पिशव्या कापण्याची कात्री घेऊन आल्या. 'मूळ कागद काढा,' त्या म्हणाल्या. मी सरकारी दस्तऐवजांच्या पावित्र्याविषयी बोलू लागलो. त्यांनी मला थांबवून विचारले, 'अहो, लाक्षागृहाची झेरॉक्स काढून ठेवली होती का धर्मराजाने?'

युक्तिवाद बिनतोड होता हे मी त्याच क्षणी ओळखले. पांडव वारणावतात त्या लाखेच्या घरात वर्षभर राहिले. विदुराने निघतानाच सांकेतिक भाषेत इशारा दिला होता आणि पुढे भुयार खणणारा खनक पाठविला होता, म्हणजे मदतीचे दोन पत्ते त्यांनी वापरले असेच म्हटले पाहिजे. वेळेचाही विचार केला तर जर्मन कोष्टकानुसार त्यांच्या वाट्यास फारसे तारे आले नसते. परंतु बाहेर पडताना भीमाने त्या घरास स्वहस्ते आग लावली. साहित्य एकवार वापरण्याचे आहे, ते मागे ठेवावयाचे नाही, ही अट व्यासांच्याही पेटीवर छापलेली होती.

मी मूळ कागद दिला आणि खिडकीकडे तोंड फिरविले. कात्रीच्या पात्याला दुधाचा पांढरा पापुद्रा सुकलेला होता. कर्र, असा आवाज झाला, मग घडीचा, आणि मग नातू ओरडला. नक्षीची टोके एकमेकांस भिडून त्यांतून तीन आकडे असे ठसठशीत उभे राहिले होते की जणू ते पहिल्यापासून तेथेच बसून आमची गंमत पाहत होते. मी चकती फिरविली. उत्तर बरोबर होते.

त्यापुढे कात्री सौभाग्यवतींकडेच राहिली आणि कामकाज झपाट्याने उरकले. तहकुबीचा काळ वजा करूनही आम्हांस झोपडीतून सुटावयास 3 तास 10 मिनिटे लागली आणि मदतीचे सात पत्ते खर्ची पडले. ताऱ्यांच्या कोष्टकाची तळाकडची ओळ आमच्या वाट्यास आली, ती मी बोटाने झाकून नातवास 'उत्तीर्ण' एवढेच सांगितले.

रात्री सर्व निजल्यावर मी गव्हाच्या पिठाची खळ केली. एकेक कापलेला तुकडा तुकड्याशी जुळवून पातळ कागदाच्या पट्टीने मागून सांधला, घड्या हातरुमालाखालून इस्त्री फिरवून बसविल्या, पेन्सिलीच्या खुणा पावाच्या मऊ गराने पुसल्या, आणि सगळा ऐवज यादीप्रमाणे मोजून पेटीत भरून ती लाल रुमालात बांधली. पहाटेचे तीन वाजले होते. इतकी गाढ झोप मला निवृत्तीनंतर लागलेली नव्हती.

आठवड्याने खालच्या मजल्यावरील नानांनी ती पेटी मागितली. मी पोचपावती घेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटी परत घेऊन आले ते छाती पुढे काढूनच. सगळी झोपडी त्यांनी एकट्याने चौतीस मिनिटांत उघडली होती आणि मदतीचा एकही पत्ता लागला नव्हता. 'अहो, जर्मन माणूस काय विचार करतो बघा,' ते सांगू लागले. 'जिथे कापायचे तिथे बारीक सांधा आधीच दिलेला, जिथे दुमडायचे तिथे पुसटशी घडी. डोळे उघडे ठेवले की झाले!'

मी रुमाल सोडला, ऐवज तपासून घेतला आणि वहीत 'परत मिळाले' अशी नोंद केली. हल्ली संध्याकाळी बागेत बाकावर बसून नाना मला कोडी सोडविण्याची पद्धत समजावून सांगतात. मी ऐकून घेतो.