कुंपणाबाहेरच्या साडेपाच फुटांचे मालक यांस

राजमान्य राजेश्री, अज्ञातनाम, अज्ञातग्राम, आमच्या घराचे कुंपण आणि डांबरी सडक यांमधील साडेपाच फूट रुंद व ३८ फूट लांब भूमीचे मालक यांस, अमरावतीहून एका शेजाऱ्याचा सादर नमस्कार. विनंती विशेष.

आपले नाव ठाऊक नसता आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण आपली जमीन आमच्या दारात आहे आणि आपण मात्र कोठेच नाही. आमच्या खरेदीखतातील चतुःसीमेत पूर्वेस ‘रस्ता’ एवढाच मोघम शब्द आहे, आणि रस्ता ज्यांच्या दप्तरी आहे त्यांचे म्हणणे असे की, डांबर जेथे संपते तेथे त्यांची जबाबदारीही संपते.

वऱ्हाडच्या माणसास असल्या मालकीचे नवल वाटण्याचे कारण नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली केला, १९०२ साली तो वर्षाकाठी २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्याने देऊन टाकला, आणि तरीही १९३६ साली त्याच्या युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ हा किताब मिळाला. म्हणजे जमीन एकाची, अंमल दुसऱ्याचा, किताब तिसऱ्यास, आणि भर उन्हात कपाशी वेचणारा चौथाच. आमच्या दारातली पट्टी हे त्याच वऱ्हाडचे एक लहानसे रूप होय. भेद इतकाच की निजामाच्या पदरात खंड तरी पडत असे.

आपल्या गैरहजेरीत या मुलखावर कोणकोणाचा अंमल होऊन गेला त्याची वर्दी देणे मी कर्तव्य समजतो. एका खात्याने नळासाठी चर खणला आणि मुरूम टाकून बुजविला. तो मुरूम बसतो न बसतो तोच दुसऱ्याने तारांसाठी तोच चर पुन्हा उघडला. शेजारच्या बांधकामाची रेती येथे दोन पावसाळे पडून होती. कोणाच्या लग्नाच्या मांडवाच्या मेढी येथे रोवल्या गेल्या, कोणाची मोटार कापडी बुरखा घेऊन येथे वर्षभर निजली. यांपैकी एकासही कोणी हटकले नाही, आणि मीही हटकले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

गेल्या मृगात मात्र माझ्या हातून प्रमाद घडला. मी एक कडुनिंब, एक करंज आणि सदाफुलीची सात रोपे लावली. खड्डा खणताना वरचा हातभर थर मुरूम, विटांचे तुकडे आणि डाव्या पायाची एक चप्पल यांचा निघाला. त्याखाली आपली ती काळी, ओली, बोटांना चिकटणारी माती लागली तेव्हा, खोटे कशास बोलू, दफीना सापडल्यासारखा आनंद झाला. गावाकडून तुराट्या आणून सुतळीने बांधून भोवती कूड केला. आठव्या दिवशी बगलेत नोंदवही घेतलेले एक गृहस्थ दारात उभे! ‘हे कोणाच्या परवानगीने?’ असा त्यांचा प्रश्न होता. ज्या भूमीस चौदा वर्षांत एकही धनी मिळाला नव्हता, तिला दोन झाडे लागताच धनी फुटला, याचे मला कौतुक वाटले. परंतु ‘तर मग आपणच का मालक?’ असे विचारताच ते वही मिटून म्हणाले, ‘छे छे, आमचा संबंध फक्त अतिक्रमणाशी.’ जाताना मात्र त्यांनी आपुलकीने सल्ला दिला की, झाडांच्या भानगडीत पडण्यापेक्षा गट्टू बसवून टाका, मग कोणी बोलणार नाही. आता आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि चैत्रात अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. तिच्यावर बसविलेले गट्टू दोन वर्षांत म्हाताऱ्याच्या दातांसारखे खालीवर होतात, आणि पारा पंचेचाळिसापुढे गेला म्हणजे त्यांवरून कुत्रेही चालत नाही. पण गट्टूंना परवानगी लागत नाही, हा त्यांचा मोठाच गुण.

आणखी एक बारकावा आपल्या नजरेस आणतो. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे नागरी हद्दीतले झाड प्राधिकरणाच्या अनुज्ञेवाचून तोडता येत नाही. तेव्हा विनापरवाना लावल्याबद्दल मी आज दोषी, आणि उद्या भिऊन ते विनापरवाना उपटले तरी दोषीच.

अकोल्यास अकोटच्या रस्त्याकडील वस्तीत माझी धाकटी बहीण राहते, तिच्या दारातही आपल्याच मालकीची अशी एक पट्टी आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्याची झळ तेथवर पोचलेली. बोअरचे पाणी घातले की आठवड्यात पानांच्या कडा करपतात आणि आळ्यात मिठासारखा पांढरा थर धरतो. काटेपूर्णेचे नळाचे पाणी येते तेव्हा येते. म्हणून तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून ती आपला जांभूळ जगवते आहे. आपण तिकडे गेलात तर निदान जांभळाला ओळख द्यावी.

आपली नियमित विचारपूस करणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे मागच्या गल्लीतली तपकिरी बकरी. ती मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे खूर कुडाच्या आडव्या बांधणीवर टेकते, मान तिरपी करते आणि नेमका शेंडा तेवढा खुडते. खालची पाने ती सभ्यपणे राखते, म्हणजे पुढच्या आठवड्यास काम शिल्लक उरते. १८७१ च्या गुरांच्या कायद्यात बकरीचीही गणना आहे, म्हणून मी कोंडवाड्याचे नाव काढले, तर तिची मालकीण म्हणाली, ‘जमीन तं सरकारची हाये नं गुरुजी, मंग बकरीनं खाल्लं तं तुमचं काय गेलं?’ एवढा बिनतोड युक्तिवाद मला कोणत्याही कचेरीत ऐकावयास मिळाला नव्हता.

मेलबर्नला असलेला पुतण्या लिहितो की तिकडे अशा पट्टीस ‘नेचर स्ट्रिप’ म्हणतात. जमीन नगरपालिकेची, गवत कापणे मात्र घरवाल्याचे. मालक तेथेही राबत नाही हे वाचून आपणांवरचा माझा राग बराच निवळला. लॉस एंजेलिसच्या रॉन फिनली नामक गृहस्थाने २०१० साली दारापुढच्या पट्टीत भाजीपाला लावला तेव्हा त्याच्याही हाती नोटीसच पडली. पुढे लोकांनी गलका केला तेव्हा तेथील नियम सैल झाले. आमच्याकडे गलका करण्यास सध्या बकरीखेरीज कोणी तयार नाही. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा, ज्यांची समाधी याच अमरावतीत आहे, गावात शिरले की कीर्तनाआधी खराट्याने रस्ते झाडीत, आणि रस्ता कोणाच्या मालकीचा हे त्यांनी विचारल्याचे ऐकिवात नाही. त्या काळी नोंदवहीवाले गृहस्थ रजेवर असावेत.

तेव्हा विनंती अशी की, आपण जे कोणी असाल ते एकदा प्रकट व्हावे. मोबदला नको. होळीपासून मृगापर्यंत रोज दोन याप्रमाणे सुमारे १८० बादल्या पाणी, तेही सिंभोऱ्याच्या धरणातून इतक्या दूर आलेले, मी आपल्या जमिनीत ओतले आहे. त्याची पावती मिळाली तरी पुरे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. पत्र पाकिटात घालीत असता दारात ट्रॅक्टर वाजला, आणि बाहेर येऊन पाहतो तो आपल्या भूमीवर गिट्टीचा ढीग. कोणाच्या हुकुमाने, असे विचारता चालक म्हणाला, ‘जागा खाली दिसली.’ गिट्टी आपली असल्यास, ती उचलताना मजुरांस फावडे उत्तरेकडून लावण्यास सांगावे. दक्षिणेच्या अंगास ढिगाखाली सदाफुलीची तीन रोपे आहेत.