पिनभाऊ

टीव्ही बिघडला की शहरातले लोक कंपनीच्या नंबरावर फोन लावतात आणि एक दाबा, दोन दाबा ऐकत बसतात. आमच्या तलासरीकडच्या झरी गावात हाक मारतात. हाकेला जो येतो त्याचं खरं नाव फक्त रेशन कार्डावर उरलंय. पाड्यापाड्यांत तो पिनभाऊ.

असा पिनभाऊ गावोगाव असतो. झरीचा उंबरगावच्या जीआयडीसीत पाळीवर जातो. तिथे तो नेमकं काय करतो ते कुणी विचारलेलं नाही. कंपनीत जातो म्हणजे वायरीतलं कळत असणार, अशी गावाची समजूत आहे आणि ती मोडणं त्याच्या जिवावर येतं. खिशात टेस्टर, मनगटात चिकटपट्टीचं रीळ, गळ्यात पिवळी-लाल-पांढरी वायर. एवढ्या सामानावर तलासरीपासून वेवजीपर्यंतचे टीव्ही त्याने हाताखालून घातलेत.

मजुरी मात्र घेत नाही. याच झरीत १९४५च्या मे महिन्यात परुळेकर दांपत्याच्या किसान सभेची परिषद भरली होती, आणि यापुढे सावकाराची वेठ करायची नाही असं वारल्यांनी ठरवलं होतं. तेव्हापासून गावात फुकट राबणारा हा एकटाच. कुणी तसं म्हटलं तर तो रागावतो. "वेठ नाय ही, हौस आहे. वेठीला चहा कोण देतो?"

आल्या आल्या टीव्हीकडे बघायचं नाही, घरातल्यांकडे बघायचं, ही त्याची पहिली पायरी. "कुणी हात लावला?" उत्तर ठरलेलं असतं, कुणीच नाही. मग तो टीव्हीच्या मागे डोकं घालतो, सगळ्या पिना उपसतो, एकेकीवर फुंकर मारतो आणि परत खोचतो. निम्मे टीव्ही एवढ्यावरच सुरू होतात. उरलेल्या निम्म्यांसाठी त्याला खरोखर अक्कल लागते, आणि ती त्याच्याकडे आहे.

चित्र आहे पण रंग नाही, ही त्याची आवडती केस. सेट-टॉप बॉक्सची पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या भोकात गेलेली असते. हिरव्या वाटेने टीव्हीला फक्त उजेड-अंधार हवा असतो, रंग तो निळ्या आणि लाल वाटेने वेगळे मागतो. पिवळीतून सगळं कालवूनच येतं. मग टीव्ही उजेड तेवढा ठेवून घेतो आणि रंगांना ओळख दाखवत नाही. त्यात लाल भोकं दोन, एक चित्राचं आणि एक आवाजाचं. आवाजाची लाल पिन चित्राच्या लालमध्ये बसली की एका बाजूचा स्पीकर मुका होतो. "पिवळीला पिवळं दाखवा, लग्नं जुळवू नका," असं तो दर घरी बजावतो.

पिना बरोबर असूनही रंग नसला, तर तो घरातल्या सर्वांत लहान पोराकडे रोखून बघतो. पोराने बॉक्सच्या मेनूत शिरून पालचं एनटीएससी केलेलं असतं. आपल्याकडचं चित्र पालचं, ६२५ रेघांचं, सेकंदाला २५ वेळा येणारं. एनटीएससी अमेरिकेकडचं, ५२५ रेघांचं, सेकंदाला तीसच्या आसपास. साध्या जुन्या टीव्हीला ते झेपत नाही. तो रंग सोडतो, कधी चित्र वरखाली पळवतो. पिनभाऊ निकाल देतो, "वहिनी, तुमच्या पोराने टीव्ही अमेरिकेला पाठवला." वहिनी दचकते, "बिल येईल का हो, भाऊ?"

नव्या एलईडीने मात्र त्याचाच नियम त्याच्यावर उलटवला. काहींना तीन भोकं नसतातच. एक बारीक भोक आणि त्यात खोचायची आखूड शेपटी. त्या शेपटीच्या पिनेवर चार कड्या असतात. कुठल्या कडीवर चित्र आणि कुठल्या कडीवर आवाज, यावर कंपन्यांचं एकमत नाही. शेजाऱ्याच्या टीव्हीची शेपटी आणून लावली की पडदा काळा, आणि चित्र स्पीकरमधून घूं करत बाहेर पडतं. तेव्हा पिनभाऊ दार लोटून घेतो आणि पिवळीत लाल खोचून बघतो. जुळलं की म्हणतो, "हे बाहेर बोलू नका."

पण त्याची खरी लढाई वायरीशी नाही, काळ्या पट्ट्यांशी आहे. ती पेटली २८ मार्च २०२० रोजी, दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला घेतलं तेव्हा. १९८७ सालची ती मालिका आमच्या शेजारच्या उंबरगावातच चित्रित झालेली, त्यामुळे इकडचा माणूस ती घरचं कार्य असल्यासारखी बघतो. कंपन्या बंद, पिनभाऊ घरी, आणि दर घरातून एकच हाक. बाजूला काळं दिसतंय.

काळं दिसणारच. ते चित्र चारास तीनचं, नवा टीव्ही सोळास नऊचा. उंची जुळवली की पाव पडदा रिकामा राहतो. ताणून भरला, तर प्रत्येक माणूस उभा तेवढाच राहून एक तृतीयांशाने रुंद होतो. झूम केला, तर पडदा भरतो पण रामाचा मुकुट वर जातो आणि पाय खाली. चौथा मार्ग नाही. पिनभाऊ काळ्या पट्ट्यांच्या बाजूचा. त्याची परीक्षा सोपी आहे, दूरदर्शनच्या चिन्हातला मधला गोळा बघायचा. गोल असला तर चित्र खरं, आडवा चिकू झाला तर खोटं.

गावाला हे पटत नाही. "टीव्हीचे पैसे पुरे दिले," एक आजी म्हणाली, "मग रुपयातले चार आणे काळे का?" पिनभाऊने गोळा दाखवला, गणित सांगितलं, चार बाय तीन सेट करून दिलं, चहा घेतला. तो कुंपणाबाहेर पडायच्या आत आजीने नातवाकडून राम ताणून घेतला. पुढच्या घरीही तेच. लॉकडाउनभर झरीतली सीता बारीक-जाडी होत राहिली.

पुढे त्याच आजीच्या नातीचं लग्न झालं. कुणीतरी फोन उभा धरून सगळा नाच टिपला, पेनड्राइव्हवर घातला, आणि तो टीव्हीला लावायला पिनभाऊला बोलावणं आलं. उभं चित्र आडव्या पडद्यावर. मधे एक उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना मिळून दोन तृतीयांश टीव्ही काळा कुळकुळीत. चार आण्यांवरून भांडलेली आजी आता काय करेल, या धास्तीने पिनभाऊने आपणहून रिमोट उचलला आणि ताणायचं बटण शोधू लागला.

"हात नको लावू!" आजी ओरडली. "पोरगी जाडी दिसल."

पिनभाऊ बघतच राहिला. गोळ्याने जे कळलं नाही ते नातीच्या गालांनी कळलं होतं. ओळखीचं माणूस दिसलं की सगळ्यांना प्रमाण कळतं, परक्याला मात्र हवं तसं ओढायला कुणाची हरकत नसते. त्या दिवसापासून त्याने गणित सोडलं. रामायण पुन्हा कुठल्याशा चॅनेलवर लागलं तेव्हा तो आपणहून आजीकडे गेला, चार बाय तीन केलं आणि रिमोट पाठीमागे धरून म्हणाला, "आजी, सीता आपल्या घरची पोर समजा. आता सांगा, ताणू?"

आजीने पडद्याकडे नीट बघितलं.

"सीतेला नको ताणू," ती म्हणाली. "रावण आला की ताण. दहा तोंडं आहेत त्याला, जागा लागते."