दोन शेगड्यांचा दिवाणखाना

"घरात डीजे आणतोय," असं चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा आमटीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला डीजे म्हटलं की एकच देखावा दिसतो: ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आणि थरथरणाऱ्या खिडक्यांच्या काचा. नणंदबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "दहा वाजता बंद करायला लागतो ना गं तो? मग काळजी नाही."

खुलासा यथावकाश झाला. दोन टर्नटेबल, मधे एक मिक्सर (चटणीचा नव्हे) आणि कानाला हेडफोन, एवढाच हा डीजे. बाकी भांडवल घरातच होतं. ह्यांच्या बाराशे एलपी माळ्यावर, दिवाणात आणि माझ्या रुखवताच्या ट्रंकेत चाळीस वर्षं वनवास भोगत होत्या. बापलेकांनी ठरवलं की आता त्यांनी दिवाणखान्यात यायचं.

चिरंजीवांनी मोबाइलवर नमुने दाखवले. जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डी, पिवळसर दिवा, कोपऱ्यात हातभर पानांचं झाड, गालिच्यावर मांजर. देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण या घरांत चपला कुठे काढतात आणि इस्त्रीचे कपडे आले की कुठे टेकवतात, ते काही दिसेना. शिवाय एका घरात तर रेकॉर्डींचं कपाट थेट भल्यामोठ्या खिडकीला लागून. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत एका एप्रिलमध्ये एक एलपी राहून गेली होती. संध्याकाळपर्यंत तिची कड तळणीतल्या पापडासारखी वर आली. ती अजून आहे. सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली होते आणि गाणारा बिचारा गचके खात गातो.

सुतार आले. टेप लावता लावता विचारलं, "आत काय ठेवणार?"

"रेकॉर्ड," हे म्हणाले.

"कोर्टाचं का जमिनीचं?"

एक एलपी दाखवावी लागली. त्यांनी ती कव्हरसकट तळहातावर तोलली. "पाव किलो धरा. बाराशे म्हणजे तीन क्विंटल झालं की." गावाकडे त्यांची ज्वारी असते. त्या क्षणापासून ते ह्यांच्याशी शेतकऱ्यानं शेतकऱ्याशी बोलावं तसे बोलू लागले. लांब फळी चालणार नाही, झोळ पडेल. १९ एमएमचा प्लाय आणि दर तेरा इंचांवर उभं पार्टिशन. रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्याच ठेवायच्या, रचून ठेवल्या की खालच्यांचा जीव जातो. चिरंजीवांनी माहिती पुरवली की २०१४ मध्ये आयकियानं असल्याच चौकोनी खणांचं एक कपाट बंद केलं, तेव्हा जगभरच्या रेकॉर्डवाल्यांत हलकल्लोळ माजला होता. नव्या कपाटाचे खण आतून जुन्याच मापाचे निघाले, तेव्हा लोक शांत झाले.

या सगळ्यात माझी शोकेस गेली. शिंपल्यांचा गणपती, कन्याकुमारीची रंगीत वाळू आणि खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले सहा कटग्लासचे पेले. एकतीस वर्षांत तेवढा खास पाहुणा कोणी आला नाही, हा काही पेल्यांचा दोष नाही.

टर्नटेबलचा कट्टा मात्र चौतीस इंच उंच हवा, असा चिरंजीवांचा हट्ट. का? डीजे उभ्यानं काम करतो. चौतीस इंच! हे तर माझ्या ओट्याचं माप. मग मी रोज स्वयंपाकघराच्या दारातून त्याला न्याहाळू लागले, आणि माझी खात्री पटली की हे आपलंच खातं आहे. दोन शेगड्या. एकीवरचं उतरवायच्या आत दुसरीवरचं तयार पाहिजे. एक हळूहळू बारीक करायची, दुसरी मोठी. आणि एका कानाला हेडफोन लावून पुढच्या गाण्याची चाहूल घेणं? मी तीस वर्षं एका कानानं फोनवर बोलत दुसऱ्या कानानं कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे. मला कोणी डीजे म्हटलं नाही.

यंत्र टेक्निक्सचं, १९७२ साली निघालेल्या एसएल-१२०० च्या घराण्यातलं. थाळी पट्ट्यावर नाही, थेट मोटरवर फिरते. बोटानं अडवली तरी सोडताच पुन्हा वेगात. कडेला एक सरकपट्टी आहे, तिनं वेग आठ टक्के वर किंवा खाली जातो. यावरूनच घरातला पहिला रुसवा झाला. रेकॉर्डचा वेग वाढला की सूरही चढतो. "काळी एकमधला माणूस पांढरी दोनच्या वर नेऊन बसवलास!" हे म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

समेट घडवला तो न्यूयॉर्कच्या एका पोरानं. रविवारच्या जुन्या बाजारातून हे एकच एलपी दोनदा आणतात, यावर मी आयुष्यभर बोलत आले. चिरंजीव म्हणाला, "आई, कलाच आहे ती." ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, एका इमारतीच्या हॉलमध्ये, कूल हर्कच्या बहिणीनं शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून पार्टी ठेवली आणि रेकॉर्डी हर्कनं वाजवल्या. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. हिप-हॉपची सुरुवात तिथली मानतात. दोन टर्नटेबलवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून नाचाचा तुकडा लांबवत न्यायचा, ही त्याची युक्ती. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तेही ब्राँक्सचेच.

तेव्हापासून जोर चढला आहे. परवा म्हणाले, "रेकॉर्ड जपावी ती नासानं. १९७७ साली व्हॉयेजरमधून केसरबाईंची भैरवी पाठवली. तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, बरोबर सुईसुद्धा दिली आहे."

"दिवाणखानाही केवढा दिलाय," मी म्हटलं. "आणि हळदीकुंकू नाही."

आमच्याकडे होतं. सुतारांनी कपाटालाच जोडून बैठा बाक केला आहे, दिसायला सुरेख. पण त्यावर कोणी बसलं किंवा उठलं की वरची सुई टुणकन उडते. हे संक्रांतीला कळलं. नऊ बायका, पाच बाकावर. नणंदबाईंनी उत्साहानं नाट्यगीतांची रेकॉर्ड लावायला सांगितली आणि वाण घ्यायला उठल्या. नायिका अंतऱ्यावरून थेट शेवटच्या तानेत. ह्यांनी दारातूनच हात जोडले, "बाजू संपेपर्यंत हलू नका."

कोणी हललं नाही. तिळगुळाची वाटी हातोहात सरकत बाकाच्या टोकापर्यंत गेली, तिथून परत आली. कुंकू मी उभ्या उभ्या वाकून लावलं. वीस मिनिटांनी गाणं संपलं, सुई आतल्या रिकाम्या रेघेत खरखरत राहिली. नणंदबाई कुजबुजल्या, "आता उठू का गं?"