आणखी अर्धा आटा

सोलापुरात नळ गळायला लागला की त्यात घरच्या कर्त्या माणसाची इभ्रत जाते. उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटर पाइपातून येतं, पेठापेठांत पाळीनं सुटतं, आणि एकदा येऊन गेलं की पुन्हा तीन, चार, कधी पाच दिवसांनी तोंड दाखवतं. धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं हे इथं चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगेल. त्यातलं आपल्या बोळात किती वाजता येणार, हे विचारायला मात्र चावीवालाच गाठावा लागतो. अशा गावात कपडे धुण्याचं मशीन घरात आलं की ते कोणत्या कंपनीचं, हे नंतर विचारतात. आधी विचारतात, नळाला जोडणार कोण? त्याचं उत्तर बहुतेक बोळांत ठरलेलं असतं: ‘अण्णांना हाक मारा.’

हे अण्णा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. अशोक चौकात ते अण्णा असतात, बाळीवेशीत अप्पा, विजापूर रोडच्या सोसायटीत काका. वय साठीच्या आगेमागे, अंगात बंडी, हातात पाना आणि बगलेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात अर्धवट संपलेली टेफ्लॉन टेप, दगड झालेला सफेदा, गंजलेल्या जुबली क्लिपा, तीन पिढ्यांचे वायसर आणि कोणत्याच तोटीला न बसणारी एक पितळी निप्पल. ती टाकून द्या म्हटलं तर अण्णा दुखावतात. टाकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी हमखास लागते, हा त्यांचा जन्माचा अनुभव आहे. त्यांची सगळी विद्या तीन शब्दांत मावते: आणखी अर्धा आटा. गळतं ते सैल असतं, सैल असेल ते आवळायचं, आणि आवळूनही गळलं तर ते पुरेसं आवळलेलं नाही. हा सिद्धांत खोडून काढता येत नाही, कारण प्रत्येक फजिती त्याला नवा पुरावा पुरवते. घरातली मंडळी याला हेकटपणा म्हणतात. मला ते पटत नाही. अण्णांचं ज्ञान पक्कं आहे, फक्त ते दुसऱ्या यंत्राचं आहे.

आधी काम पाहू. मोरीतली तोटी जुनी, पितळी, साधी. मशीनबरोबर आलेला प्लॅस्टिकचा जोड तिच्या तोंडावर बसवायचा असतो. त्याच्या आत जाड रबर आणि कडेनं चार स्क्रू असतात. पाणी अडवण्याचं काम ते रबर करतं. स्क्रूंनी जोड फक्त तोटीच्या मधोमध धरून ठेवायचा. म्हणून समोरासमोरचे दोन स्क्रू थोडे, मग दुसरे दोन थोडे, असं फिरत फिरत जायचं. अण्णा पहिलाच स्क्रू शेवटापर्यंत नेतात. जोड एका अंगाला झुकतो, रबर एका बाजूला चेपतं, दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते. मग उरलेल्या तिघांवर सूड. या सबंध काळात घरातलं एक पोरगं मोबाइलची बॅटरी मारत उभं असतं आणि तोटीपेक्षा जास्त बोलणी तेच खातं. ‘नीट धर की बे! मी बघतोय तिकडं उजेड पाड, तू बघतोस तिकडं नको.’ पोरगं ‘हो अण्णा’ म्हणतं आणि उजेड छतावर जातो. शेवटी नळ सोडला की फटीतून एक बारीक फवारा निघतो, तो नेमका चष्म्यावर. अण्णा चष्मा पुसतात, तोटीकडं पाहतात आणि शांतपणे पाना उचलतात.

आता हे ज्ञान आलं कुठून? १८७७ मध्ये इथं पहिली कापडगिरणी निघाली, पुढं आणखी निघाल्या, गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग राहिले, आणि चादर-टॉवेलांनी गावाचं नाव देशभर नेलं. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला सैल वस्तूची धास्ती असते. माग दिवसभर थडथडतो. ती थडथड नट सोडवते, बोल्ट खाली पाडते. तिथं ‘आवळ’ हा सल्ला दहातल्या नऊ वेळा बरोबरच ठरतो. जोडीला जुनी लोखंडी जीआय पाइपलाइन. तिचे आटे टोकाकडं निमुळते होत जातात, त्यामुळं जोड जेवढा फिरवाल तेवढा धातूत धातू रुततो. राहिलेल्या फटी बुजवायला सुती दोरा आणि सफेदा, आणि सुतासाठी सोलापुरात दुकान शोधावं लागत नसे. असा जोड अर्धा आटा आणखी फिरवला की गळणं खरोखर थांबत असे. पन्नास वर्षं जे थांबत आलं ते मशीनच्या पाइपाला का थांबू नये, ही अण्णांची शंका अगदी तर्काला धरून आहे. इतकंच, की समोरचा जोड आता त्या जातीचा राहिलेला नाही.

मशीनच्या पाठीमागं पाइपाचा जो नट बसतो तो पाऊण इंची, आणि त्याचे आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. त्या आट्यांतून पाणी अडतच नाही. अडावं अशी अपेक्षाही नाही. नटाच्या पोटात एक चपटा रबरी वायसर बसवलेला असतो, तो समोरच्या काठावर सपाट दाबला गेला की काम झालं. हातानं घट्ट करायचं, फार तर वर पाव फेरा. अण्णा इथं आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळतात, आणि थोडीथोडकी नव्हे, लग्नातल्या मामाच्या डोक्यावर फेटा चढावा तशी. हे टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती अपघातानं लागलं आणि पुढं नावाजलं ते कशालाही न चिकटण्याबद्दल. अण्णा त्याच्याकडं डिंक म्हणून बघतात. टेप मधे आल्यानं नट अर्ध्यातच जड होतो, अण्णांना वाटतं बसला, आणि वायसर आत अजून अधांतरीच असतो. मग पाना लागतो. पान्यानं वायसर चेपून आतल्या बाजूला सरकतो, कडेला चिरतो. प्लॅस्टिकच्या नटाला डोळ्याला न दिसणारी भेग जाते. गंमत अशी, की त्या क्षणी गळणं थांबतंही. घरभर वाहवा होते, चहा येतो.

गळती परत येते ती मशीन चालू झाल्यावर, आणि तेही पाणी घेताना नाही, घेणं थांबवताना. मशीनच्या आतली विजेची झडप एका झटक्यात मिटते, पाइपातून धावत आलेलं पाणी जागच्या जागी थोपतं आणि त्याचा धक्का सगळ्या जोडांना बसतो. ‘ठक’ असा आवाज येतो तो हाच. अण्णा जोड तपासतात तोटी उघडून, उभ्या पाण्यावर. जोडाची परीक्षा होते ती या धक्क्यावर, आणि तोवर अण्णा घरी जाऊन जेवलेले असतात. त्यामुळं आपण केलेला जोड गळतो हे त्यांना आयुष्यात कधीच दिसत नाही. त्यांच्या लेखी गळतात ते नंतर कुणीतरी हात लावलेले जोड.

यावर कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, कंपनीचा माणूस येतोच की बसवायला. येतो. पण मशीनपर्यंतचं काम त्याचं, तोटीपासूनचं तुमचं, अशी त्याची सरहद्द असते, आणि गळती नेमकी सरहद्दीवर होते. शिवाय सोलापूरचा जाणता मुलगा बहुधा पुण्यात नोकरीला. तो सणाला येतो तेव्हा तोटीच्या आट्यांचं बाहेरून माप घेतो, ते २१ मिलिमीटर भरतं, आणि इंजिनिअरिंगच्या बळावर पाऊण इंची जोड घेऊन येतो. तो जोड तोटीवर मोकळा हिंडतो. कारण जिला अर्धा इंची म्हणतात ती पाइप मूळच्या आतल्या पोकळीवरून अर्धा इंची. बाहेरचे आटे २१ मिलिमीटरच भरायचे. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं १८४१ मध्ये घालून दिलेल्या घडणीचे हे आटे अजून आपल्या मोऱ्यांतून फिरताहेत, आणि त्यांचा हिशेब अण्णांच्या अंगठ्यात असतो. नुसतं बोट घालून ते ‘अर्धा हाय बे हा’ सांगतात आणि चुकत नाहीत. अडाणी माणसाला हे जमत नाही.

दुसरा आक्षेप असा, की असे अण्णा सगळ्याच गावांत असतात. असतील. पण जिथं नळ रोज येतो तिथं थेंबाला कुणी एवढं मनावर घेत नाही. बादली लावतात आणि प्लंबरला रविवारी बोलावतात. सेकंदाला एक थेंब धरला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर जातं. चार दिवसांच्या पाळीत सतरा लिटर, म्हणजे भरलेली मोठी बादली. ज्या घरात तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी हात घालून पाणी मोजतात, तिथं ती बादली म्हणजे उद्याची आंघोळ. एवढं खरं, की वरून कपडे टाकायचं स्वयंचलित मशीन एका धुलाईला शंभर लिटरच्या आसपास सहज पितं आणि त्याबद्दल अण्णा अवाक्षर काढत नाहीत. ते पाणी वापरलं गेलं. थेंब गेला तो फुकट. मशीनचं सांडपाणी बादल्यांत धरून संडासाला वापरणाऱ्या बायकाही याच मताच्या आहेत. याला कंजूषपणा म्हणायला मी तयार नाही.

तरी अण्णांना अगदीच निर्दोष सोडता येणार नाही. हल्लीच्या घरांत भिंतीत सीपीव्हीसी पाइप असते. तिच्या कोपराच्या आट्यांत पितळी निप्पल पंधरा वेढे टेप लावून पान्यानं दामटली की ती पाचरीसारखी काम करते आणि कोपर आतून उकलतो. मोरी कोरडी दिसते, अण्णांचा जयजयकार होतो, आणि सहा महिन्यांनी पलीकडच्या खोलीत रंगाचे पापुद्रे सुटतात. भिंतीतल्या या जोडाला टेप हवीच, हा मुद्दा अण्णांचाच. पण चार-पाच वेढे, आट्याच्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, म्हणजे फिरवताना उलगडत नाही. जिथं टेप लागते तिथं ते जास्त लावतात आणि जिथं लागत नाही तिथंही लावतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्यांना हे समजावता येईल का? येईल, पण रबराच्या भाषेत नाही. मागावरचा ताणा प्रमाणाबाहेर ताणला की धागे पटापट तुटतात, आणि बीमवर फाजील वजन टाकणाऱ्या पोराला अण्णांनीच सगळ्यांत आधी शिव्या घातलेल्या असतात. म्हणजे जास्त आवळण्याचा तोटा त्यांना मशीनच्या कंपनीपेक्षा चांगला ठाऊक आहे. नटातला वायसर हा ताणा समजा, एवढंच सांगितलं तर ते क्षणभर थांबतात, पाना खाली ठेवतात, नट हातानं फिरवतात आणि जोड कोरडा राहतो. मग सगळे मोरीतून बाहेर गेले की मागं वळून बघत पाना पुन्हा उचलतात. हार्डवेअरवाल्याला याची कल्पना असते. अण्णांच्या बोळातलं कुणी एक वायसर मागायला आलं की तो न विचारता दोन देतो.