नात्यांचे जाणकार

लग्नाच्या मांडवात कोण कोणाचं कोण लागतं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. नवरीच्या आत्याच्या दिराचा साडूही मी पंगतीतून न उठता ओळखतो. त्यामुळे भाचीला परीक्षेला एस्किलसची ‘ओरेस्टिया’ (इ.स.पू. 458) लागली आणि “मामा, यातली नाती सांग ना,” असं ती म्हणाली, तेव्हा मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून थेट स्केचपेनच उचललं.

सुरुवात झोकात झाली. आर्गोसचा राजा अ‍ॅगमेम्नॉन, त्याचा सख्खा भाऊ मेनेलाउस. थोरल्याने क्लायटेम्नेस्ट्रा केली, धाकट्याने तिची बहीण हेलन. आई शेजारी मटार सोलत होती. “बहिणी-बहिणी जावा झाल्या की घर सुखात राहतं,” तिने आशीर्वाद दिला. पुढे हेलन पॅरिस नावाच्या राजपुत्राबरोबर ट्रॉयला गेली. तिला आणायला निघालेल्या अ‍ॅगमेम्नॉनने जहाजांना वारा मिळावा म्हणून पोटच्या मुलीचा बळी दिला, तोही अकिलीसशी लग्न ठरलंय असं सांगून तिला बोलावून घेऊन. दहा वर्षांनी तो परतला, तर बायकोने त्याला न्हाणीघरातच संपवलं. आईने आशीर्वाद परत घेतला.

“आणि तिचा यार एजिस्थस?”

“नवऱ्याचा चुलतभाऊ,” मी ऐटीत म्हणालो आणि त्याच्या बापाकडे, थायेस्टीसकडे, रेघ ओढली. मग त्याच्या आईची रेघ वर नेली, तर तीही थायेस्टीसचीच मुलगी! बाप आणि आजोबा एकच गृहस्थ. (याच थायेस्टीसला सख्ख्या भावाने त्याचीच मुलं शिजवून वाढली होती. ते मी मटारांकडे बघून गाळलं.) पुढे अ‍ॅगमेम्नॉनच्या मुलाने, ओरेस्टीसने, आईला मारलं आणि लग्न केलं हेलनच्या मुलीशी, हर्मायनीशी. चुलतबहीण तीच, मावसबहीणही तीच. स्केचपेन कागद फाडून टेबलावर उतरलं.

अब्रू वाचवायला मी घराणंच बदललं. पेनेलोपी! वीस वर्षं नवऱ्याची, ओडिसियसची, वाट पाहणारी पतिव्रता! इथे थांबायला हवं होतं. पण ‘टेलेगोनी’ नावाचं एक महाकाव्य होतं, आज त्याचा नुसता सारांश उरलाय. त्यात ओडिसियस गेल्यावर पेनेलोपीचं लग्न लागतं ते सर्सी नावाच्या जादूगारणीला त्याच्यापासून झालेल्या मुलाशी, आणि पेनेलोपीचा मुलगा लग्न करतो सर्सीशी.

भाचीने वही मिटली. हे अभ्यासक्रमात नव्हतं. आई मात्र सरसावून बसली.

“थांब. म्हणजे ही तिची सून, आणि ती हिची सून?”

“हो.”

“दोघी एकमेकींच्या सासवा?”

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

“अहो,” आतून आवाज आला, “मग त्या घरात चालायचं कुणाचं?”