अश्वविक्रेता

व्हरमाँट प्रांतातील खेड्यापाड्यांत ज्या गृहस्थाच्या तबेल्यात विक्रीचा निदान एक घोडा सदैव उभा असतो, आणि तरीही स्वतःस घोड्यांचा व्यापारी म्हणवून घेणे जो अपमानास्पद मानतो, त्याच्या सत्यनिष्ठेविषयीचे प्रवाद मला अन्यायाचे वाटतात. तो सहसा असत्य बोलत नाही. सत्याचे दर्शन कोणत्या मुहूर्तावर घडवावे, याची तजवीज तेवढी करतो.

त्याच्या दारी येते ते बहुधा हौशी गिऱ्हाईक. इंग्लिश पद्धतीच्या सपाट खोगिरावर बसून डौलदार रपेट करावी, जमल्यास जवळच्या प्रदर्शनात 'इंग्लिश प्लेझर'च्या स्पर्धेत उतरावे, एवढीच त्याची मनीषा. या स्पर्धेत परीक्षकाच्या आज्ञेसरशी जनावराने कधी साधी चाल, कधी दुडकी, कधी मंद दौड दाखवायची असते, आणि डौलाच्या जोडीला स्वभावाचे सौजन्यही पारखले जाते. आता वय तोंड उघडून दातांवरून अजमावता येते. सौजन्याची तशी सोय नाही, आणि आमच्या गृहस्थाची सारी कला याच उणिवेवर पोसलेली आहे.

घोडा का विकता, असा सवाल केला तर त्याची सबब घोड्यात कधीच सापडत नाही, ती कुटुंबात असते: कन्या कॉलेजात गेली, पत्नीला पाठदुखीने ग्रासले. हे सांगताना त्याचा कंठ असा दाटतो की, आपण खरेदीस आलो की सांत्वनास, हे गिऱ्हाइकाला कळेनासे होते. मग वंशावळीचे दप्तर निघते. घोडा मॉर्गन जातीचा असला तर त्याचे कूळ 1789 साली जन्मलेल्या 'फिगर' नामक आद्य पुरुषापर्यंत, जस्टिन मॉर्गन या शाळामास्तराच्या त्या विख्यात अश्वापर्यंत, साग्रसंगीत नेऊन भिडवले जाते. वास्तविक यच्चयावत मॉर्गन घोडे त्या एकाचेच वंशज असल्यामुळे, या थोरवीत समोरच्या जनावराचे कर्तृत्व शून्य असते.

एवढे झाल्यावर खोगीर चढवून सिद्ध असलेला, मान झुकवून अर्धोन्मीलित नेत्रांनी उभा असलेला घोडा दृष्टीस पडतो. आश्रमातून नुकत्याच आलेल्या ऋषिकुमारासारखा. सकाळपासून त्यास लांब दोरीवर गोल गोल पळवून दमवले आहे, हे कोणी विचारीत नाही म्हणून मालक सांगत नाही. आणि छातीला हात लावल्यास ओल लागेल, म्हणून मान थोपटण्याचा आग्रह धरतो. 'प्रथम आपण बसून दाखवा,' अशी विनंती कोणी केलीच, तर त्याच दिवशी त्याची कंबर धरलेली असते.

पशुवैद्याचे नाव काढले की तो दुखावतो, पण हरकत घेत नाही; आपल्या ओळखीचा वैद्य सुचवतो. कॉगिन्स चाचणीचा दाखला मात्र न मागता पुढे करतो आणि गिऱ्हाईक तो चारित्र्याची सनद समजून निर्धास्त होते. घोड्यास एक विशिष्ट सांसर्गिक रक्तरोग नाही, याहून अधिक काही त्या कागदात नसते.

अशा माणसाशी वैर धरण्यात मतलब नाही, कारण फसलेले गिऱ्हाईक पुढे तोच घोडा विकायला काढते तेव्हा त्याचीही कन्या कॉलेजात जाते. वाचकहो, घ्यायचाच असेल तर ठरल्या वेळेच्या तासभर आधी जा, कुरणातून त्यास धरून आणण्यापासून सारे पाहा, आणि आपल्याच वैद्याकडून त्याच दिवशी रक्ताचा नमुना घेववा. गुंगीचे औषध दिले असल्यास ते बहुधा तेथे सापडते.